बुगीपॉप फँटम की पॅरानोइया एजंट: आधी कोणती बघावी?

जपानी ॲनिमेमधल्या, म्हणजे ॲनिमेशनमधल्या, भय-मालिकांची नावे कुणाला विचारली की ही दोन हमखास शेजारी शेजारी येतात. 'बुगीपॉप फँटम' २०००ची, 'पॅरानोइया एजंट' २००४ची. दोन्ही मॅडहाउस या एकाच स्टुडिओने केलेल्या, एक बारा भागांची आणि दुसरी तेरा. दोन्हींत शहरभर एक अफवा पसरलेली आहे, अफवेतला 'तो' कुणाकुणाला खरोखर भेटतो, आणि जवळपास प्रत्येक भागात एक नवे माणूस आपली कहाणी घेऊन येते. एवढे साम्य पाहून बरेच जण एकच बघतात आणि दुसरी सोडून देतात. तसे करू नका. पण आधी कोणती बघायची याचा विचार मात्र जरूर करा, कारण नको त्या वेळी हाती लागलेली मालिका तिसऱ्या भागातच बंद पडते. 'फँटम'च्या बाबतीत तर हे फारच होते.

माझे मत आधीच सांगून टाकतो. ॲनिमेची फारशी सवय नसेल तर 'पॅरानोइया एजंट'पासून सुरुवात करावी. ती जास्त घोटीव आहे, प्रेक्षकाला हाताला धरून नेते आणि मगच हात सोडते. पण जी मालिका संपल्यावरही कित्येक दिवस डोक्यातून जात नाही, ती 'फँटम'. या दोघींतली निवड 'कोणती जास्त घाबरवते' या प्रश्नावर करू नये. दोन्ही मालिकांतले भूत माणसांना हवेसे वाटते. ते कशासाठी हवे वाटते, तिथे वाटा फुटतात, आणि तुमची वाट कोणती हे त्यावरून ठरते.

पत्ता नसलेले भूत

आपल्याकडच्या भुताला पत्ता असतो. मुंजा पिंपळावर, हडळ विहिरीपाशी, चकवा अमुक माळावर. त्या बाजूला फिरकले नाही की निदान मनाला तरी दिलासा. जपानच्या शहरी दंतकथांना असा पत्ता नसतो. त्या शाळेच्या व्हरांड्यात, शिकवणीवरून परतताना, आगगाडीच्या डब्यात सांगितल्या जातात आणि सांगणाऱ्याच्या तोंडातच राहतात. १९७८च्या अखेरीस गिफू प्रांताच्या बाजूने निघालेली कुचिसाके-ओन्नाची, म्हणजे फाटक्या तोंडाच्या बाईची कथा १९७९मध्ये देशभर पोचली. तोंडावर मास्क लावलेली बाई रस्त्यात मुलांना अडवते आणि विचारते, 'मी सुंदर आहे का?' काही ठिकाणी शाळांनी मुलांना गटागटाने घरी पाठवायला सुरुवात केली. एका अफवेने शाळा सुटण्याची रीत बदलली. दोन्ही मालिका याच जागेवर उभ्या आहेत. कुणीतरी सांगितलेली गोष्ट खरी आहे की खोटी, यापेक्षा ती ऐकल्यावर माणसे काय करू लागतात याकडे त्यांचे लक्ष आहे.

बुगीपॉप फँटम: मोठे व्हायचे नाही म्हणणाऱ्यांची गोष्ट

बुगीपॉपची अफवा फक्त शाळकरी मुलींमध्ये फिरते. माणूस सर्वांत सुंदर असतो त्या क्षणी, तो कुरूप होण्याआधी, येऊन त्याला मारून टाकणारा शिनिगामी, म्हणजे मृत्युदेव. नळकांड्यासारखी उंच टोपी, अंगभर झगा, पांढराफटक चेहरा. येण्याआधी शीळ ऐकू येते आणि त्या शिळेत वाग्नरच्या 'मास्टरसिंगर' या संगीतिकेची सुरुवातीची धून असते. भुताच्या गोष्टीत जर्मन संगीतिकेची भारदस्त, उत्सवी सुरावट का, असा प्रश्न पहिल्यांदा पडतो. दुसऱ्यांदा ती ऐकू आली की प्रश्न पडत नाही, हातपाय गार पडतात.

खरे म्हणजे बुगीपॉप हा तोउका मियाशिता नावाच्या अगदी साध्या शाळकरी मुलीच्या आत राहणारा दुसरा कुणी आहे. धोका जवळ आला की तो आपोआप जागा होतो, काम झाले की जातो, आणि तोउकाला त्यातले काहीच आठवत नाही. हे पात्र कोउहेई कादोनो या लेखकाचे. पहिल्या कादंबरीला देंगेकी कादंबरी स्पर्धेचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला आणि फेब्रुवारी १९९८मध्ये ती प्रसिद्ध झाली. तरुण वाचकांसाठीच्या 'लाइट नॉव्हेल' या प्रकाराला जपानमध्ये पुढे जी भरती आली, तिच्या सुरुवातीच्या लाटांपैकी ही एक मानली जाते.

'फँटम' ही त्या कादंबरीचे रूपांतर नाही, हे निवड करणाऱ्याला माहीत असलेच पाहिजे. ती कादंबरीनंतरची गोष्ट आहे. कादंबरीच्या शेवटी शहरावर आकाशात प्रकाशाचा एक खांब उठतो. त्यानंतर साधारण महिन्याभराने ही मालिका सुरू होते. पाच वर्षांपूर्वी याच शहरात माणसांच्या खुनांची एक मालिका झाली होती, तिचे धागेही इथे येतात. पण मालिका यातले काहीही नीट बसवून सांगत नाही. पहिल्या भागात एक अबोल मुलगी आहे. जिच्यावर तिचा मनातल्या मनात जीव आहे तो मुलगा नाहीसा झाला आहे, आणि मग तो, किंवा त्याच्यासारखा दिसणारा कुणी, तिच्यासमोर येतो. बस्स. तो मुलगा कोण होता आणि त्याचे काय झाले हे कादंबरी वाचलेल्यालाच ठाऊक. बाकीच्यांनी त्या मुलीइतकेच अंधारात राहायचे.

हा दोष आहे का? मी तो दोष मानत नाही, कारण मालिकेची सगळी रचनाच या अंधारावर उभी आहे. एकच प्रसंग तीन भागांत तीन वेगळ्या माणसांच्या बाजूने दिसतो. पहिल्या वेळी रस्त्याच्या कडेला नुसती उभी असलेली मुलगी चार भागांनंतर कळते की कोण होती आणि तिथे का थांबली होती. काळ पुढेमागे उड्या मारतो. त्यामुळे प्रेक्षक सतत जुन्या दृश्यांकडे मनातल्या मनात परत जात राहतो, आणि तेच पात्रांचेही चालले आहे. सगळे जण मागे वळून बघण्यात अडकलेले.

दुसरा भाग घ्या. जोनोउची नावाच्या तरुणाला माणसांच्या छातीवर कोळ्यासारखे किडे चिकटलेले दिसतात. ते किडे म्हणजे त्या माणसांचे पश्चात्ताप, टोचणाऱ्या आठवणी. तो किडा ओढून काढतो आणि खातो. माणूस हलके होते, टोचणी जाते. हे वर्णन वाचून किळस वाटेल, पण बघताना किळसेपेक्षा मोह जास्त वाटतो. माझ्याही छातीवरचा किडा कुणी काढून नेला तर? पुढच्या भागांत पूम पूम नावाचा एक मुलगा येतो. तो मोठ्या होत चाललेल्या मुलांमधले लहान मूल बाहेर बोलावतो आणि ओस पडलेल्या एका मनोरंजन उद्यानात घेऊन जातो. मागे जे उरते ते चालते-बोलते, पण आतून रिकामे. आणखी एका भागात आभासी मुलीला 'घडवण्याच्या' व्हिडिओ गेममध्ये बुडालेला एक तरुण आहे. घरच्या अपेक्षा आणि अमली गोळ्या यांच्यामध्ये सापडून तो खऱ्या मुलीकडेही तशाच नजरेने बघू लागतो. आजच्या काळात हा भाग २००० सालापेक्षा जास्त जवळचा वाटतो.

या सगळ्यांना एकच हवे आहे: आहे तसेच राहणे, किंवा होते तिथे परत जाणे. सर्वांत सुंदर क्षणी मारणारा शिनिगामी अशा मुलांना भीतिदायक वाटत नाही, आकर्षक वाटतो. मालिकेची खरी भीती इथे आहे आणि ती कुठल्याही राक्षसापेक्षा मोठी आहे.

चित्रे आणि आवाज याबद्दल थोडे सविस्तर सांगतो, कारण सोडून देणारे बहुतेक जण इथेच सोडतात. अकरा भाग मळकट, तपकिरी छटेत आहेत, चौकटीच्या कडा काळवंडलेल्या. जुन्या, ओल लागलेल्या फोटोकडे बघतोय असे वाटते. पात्रांचे चेहरे साधे आणि एकमेकांसारखे, केस खरे असतात तसे काळे-तपकिरी, सगळ्यांचे गणवेश तेच. ॲनिमेत केसांच्या रंगावरून पात्रे ओळखायची सवय असलेल्याची इथे दांडी उडते. शेवटच्या बाराव्या भागात खरे रंग येतात. नेहमीचे निळे आकाश दिसल्यावर छाती मोकळी होते, आणि तेव्हा लक्षात येते की आपण इतका वेळ किती घुसमटत बसलो होतो. आवाजाचे कामही तसेच. विजेच्या तारांची गुणगुण, दूरचे अर्धवट ऐकू येणारे बोलणे, मध्येच दाटून येणारा खर्ज. शीर्षकगीत मात्र शिकाओ सुगाचे 'यूदाची', पावसाळी संध्याकाळसारखे मऊ. ते संपून मालिका सुरू झाली की खोलीतली हवा बदलते. ही मालिका मोबाइलच्या स्पीकरवर बघणे म्हणजे अर्धी मालिका न बघणे. हेडफोन लावा, आवाज जपानी ठेवा आणि सबटायटल्स वाचा.

दिग्दर्शक ताकाशी वातानाबे, आणि मालिकेच्या लेखनाची धुरा सादायुकी मुराई यांच्याकडे. हे दुसरे नाव लक्षात ठेवा. 'पॅरानोइया एजंट'चे दिग्दर्शक सातोशी कोन यांच्या १९९७च्या 'परफेक्ट ब्लू' या पहिल्या चित्रपटाची पटकथा मुराई यांचीच. म्हणजे आज आपण ज्या दोन मालिका तराजूत घालतोय, त्यांच्यात स्टुडिओपलीकडचेही नाते आहे. वास्तव कुठे संपते आणि मन कुठे सुरू होते हे प्रेक्षकाला कळूच न देणे, ही दोन्हींची घडण एकाच घरातली.

पॅरानोइया एजंट: सुटका हवी असलेल्यांची गोष्ट

सातोशी कोन यांनी आयुष्यात दिग्दर्शित केलेली ही एकमेव मालिका. फेब्रुवारी ते मे २००४ या काळात जपानच्या वाउवाउ वाहिनीवर ती दाखवली गेली. आपल्या चित्रपटांत न बसलेल्या कल्पना वापरता याव्यात म्हणून त्यांनी मालिकेचा घाट घातला होता. २४ ऑगस्ट २०१० रोजी, वयाच्या ४६व्या वर्षी ते गेले. त्यानंतर अशी मालिका पुन्हा होणे नव्हते.

सुरुवात सोपी आहे. त्सुकिको सागी ही तरुण चित्रकार. तिने काढलेला मारोमी नावाचा गुलाबी कुत्रा देशभर लाडका झालेला, आणि आता कंपनीला तिच्याकडून तसेच दुसरे यश हवे आहे. तिला काही सुचत नाही. एका रात्री घरी परतताना तिच्यावर हल्ला होतो. हल्लेखोर एक शाळकरी मुलगा, पायात सोनेरी स्केट्स, हातात वाकलेली सोनेरी बॅट. इकारी आणि मानिवा या दोन पोलिसांना वाटते की ही बाई बनाव रचते आहे. मग दुसरा हल्ला होतो, तिसरा होतो, आणि वर्तमानपत्रांना नाव मिळते: शोनेन बॅट, म्हणजे बॅटवाला पोरगा.

ज्यांच्यावर हल्ले होतात ते सगळे कोंडीत सापडलेले असतात. शाळेतले स्थान गमावलेला मुलगा, दुहेरी आयुष्य जगणारी शिकवणीची बाई, गुंडांच्या कर्जात बुडालेला पोलीस. आणि बॅट बसली की त्यांना बरे वाटते! रुग्णालयातल्या खाटेवर पडून राहता येते, लोक कीव करतात, जबाबदारी टळते. 'मी काय करणार, माझ्यावर हल्ला झाला ना.' बुगीपॉपच्या शहरातली मुले काळाला थांबवायला बघत होती. इथली मोठी माणसे दोष दुसऱ्यावर ढकलायला बघत आहेत. नोकरी, कर्ज, संसार यांच्या ओझ्याखाली ज्यांनी कधीतरी 'दोन दिवस ताप आला तर बरे' असा विचार केला आहे, त्यांना ही मालिका थेट ओळखते.

मध्यावर मालिका तपासकथेचा रस्ता सोडते. गुन्हेगार सापडला असे वाटते, आणि तिथून खरी गोष्ट चालू होते. आता शोनेन बॅट हल्लेखोर उरत नाही, अफवा होतो, आणि जितकी माणसे त्याच्याबद्दल बोलतील तितका तो मोठा होत जातो. नवव्या भागात एका वसाहतीतल्या बायका त्याच्याबद्दलचे किस्से एकमेकींना सांगत बसलेल्या आहेत. प्रत्येक किस्सा आधीच्याहून अचाट. नव्याने राहायला आलेल्या बाईचे किस्से त्यांना पटत नाहीत, तिला गप्पांत जागा मिळत नाही. भागाच्या शेवटी ती घरी येते तर नवरा रक्तबंबाळ पडलेला. ती त्याला काय विचारते ते इथे लिहीत नाही, पण अफवा माणसाला काय करून ठेवते हे इतक्या कमी वेळात इतके स्पष्ट दुसरीकडे क्वचितच दिसते.

हा भाग बघताना मराठी प्रेक्षकाला राईनपाडा आठवल्याशिवाय राहणार नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या त्या गावात मुले पळवणाऱ्या टोळीच्या अफवेवरून जमावाने पाच निरपराध भटक्या माणसांना ठार मारले. मालिका त्याच्या चौदा वर्षे आधीची आणि परक्या देशातली आहे. पण ऐकलेले पुढे ढकलताना त्यात आपली भर घालणारी माणसे इथेही आहेत आणि तिथेही. म्हणून या मालिकेला मी निव्वळ भयकथा म्हणायला तयार नाही.

एक प्रसंग मात्र सांगतोच. अकराव्या भागात पोलीस इकारीची आजारी बायको मिसाए घरात एकटी असते आणि शोनेन बॅट तिच्या दारात येतो. तिच्याकडे निराश व्हायची सगळी कारणे आहेत. ती त्याच्याशी बोलायला बसते. स्वतःच्या दुखण्याबद्दल, संसाराबद्दल, एकदा मरण जवळ करावेसे वाटले होते त्याबद्दल. आणि त्याने देऊ केलेली सुटका नाकारते. ना मारामारी, ना मंत्र. घरातल्या एका अशक्त बाईचे शब्द, आणि त्यापुढे त्या राक्षसाचे काय होते हे बघण्यासारखे आहे. दोन्ही मालिकांतला माझा सर्वांत आवडता प्रसंग हाच.

सुसुमु हिरासावा यांचे संगीत 'फँटम'च्या अगदी उलट जाते. शीर्षकगीत जोशात, जवळजवळ विजयगीतासारखे, आणि पडद्यावर एकेक पात्र प्रलयाच्या, विध्वंसाच्या पार्श्वभूमीवर उभे राहून मनमोकळे हसते आहे. हे हसणे सुरुवातीला विचित्र वाटते. सातव्या-आठव्या भागापर्यंत ते असह्य होते. चित्रे स्वच्छ, रंग खरे, चेहरे ठळक. कोण कोण आहे हे कधीच विसरत नाही.

मग भीती कुठे जास्त?

'फँटम'मध्ये. 'पॅरानोइया एजंट'मध्ये भागागणिक सूर बदलतो. पाचवा भाग व्हिडिओ गेमच्या काल्पनिक राज्यात घडतो, दहावा एका ॲनिमे स्टुडिओच्या धांदलीत, आठवा तर वरवर हसतखेळत चालतो. त्यामुळे श्वास घ्यायला जागा मिळते. 'फँटम' तशी जागा देत नाही. एकच सूर, एकच उजेड, एकच ओलसर शहर. म्हणून 'पॅरानोइया एजंट' दोन-तीन दिवसांनी एक भाग अशी महिनाभर रेंगाळत बघितली तरी चालते. 'फँटम' तशी बघितली तर नावे, चेहरे आणि कुठला प्रसंग आधी घडला हे सगळे निसटते. बारा भाग म्हणजे एकूण साधारण पाच तास. दोन-तीन रात्रींत संपवता येत असेल तरच हात घाला.

शेवटाच्या बाबतीत 'पॅरानोइया एजंट' उजवी आहे. तिचे शेवटचे दोन भाग पहिल्या भागातल्या प्रश्नाचे उत्तर देतात, आणि ते उत्तर लहान, साधे, म्हणून जास्त लागणारे आहे. 'फँटम'चा शेवट शांत आहे पण अर्धी कारणे बाहेरच ठेवतो. ज्यांना 'पण असे का झाले?' हा प्रश्न झोपू देत नाही, त्यांची चिडचिड होईल.

२०१९ची बुगीपॉप कुठे बसते?

इथे तिसरे नाव आणावेच लागते. कादंबऱ्यांना वीस वर्षे झाली त्या सुमारास मॅडहाउसनेच 'बुगीपॉप वा वाराविनाई' ही नवी मालिका केली. जानेवारी ते मार्च २०१९, अठरा भाग, दिग्दर्शक शिंगो नात्सुमे, संगीत केन्सुके उशिओ. बुगीपॉपला आवाज आओई यूकी यांचा आहे आणि तो अप्रतिम आहे: ना मुलाचा, ना मुलीचा, ना दयाळू, ना क्रूर. ही मालिका कादंबऱ्यांवरच आधारलेली आहे. पहिले तीन भाग पहिली कादंबरी सांगतात, चार ते नऊ 'इमॅजिनेटर' या बुगीपॉपच्या शत्रूची गोष्ट, दहा ते तेरा 'पहाट' ही भूतकाळातली गोष्ट, आणि उरलेले पाच भाग 'विकृतीचा राजा' हे प्रकरण.

पहिल्याच भागात एक प्रसंग आहे. गर्दीच्या रस्त्यात एक फाटका, जखमी माणूस रडत चालला आहे आणि लोक बाजूने निघून जातात. बुगीपॉप त्याच्याजवळ जातो आणि बघ्यांना खडसावतो. मृत्युदेव म्हणून ज्याची अफवा आहे, माणुसकी आठवतो तो एकटाच. हे पात्र समजून घ्यायला हा प्रसंग पुरेसा आहे. पण पुढे मालिका फार बोलते. लांबलचक संवादांत माणसे आपले विचार उलगडून सांगतात, चित्रे देखणी असली तरी स्वच्छ प्रकाशात भीती विरून जाते. इमॅजिनेटरचे सहा भाग मला ओढून ताणून लांबवल्यासारखे वाटले.

तिचा खरा उपयोग वेगळा आहे. 'फँटम' ज्या दोन गोष्टी गृहीत धरते, त्या दोन्ही इथे आहेत. प्रकाशाच्या खांबामागची कहाणी भाग एक ते तीनमध्ये, पाच वर्षांपूर्वीच्या खुनांची आणि 'अग्निचेटकीण' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नागी किरिमाच्या जडणघडणीची कहाणी दहा ते तेरामध्ये. हे सात भाग बघून 'फँटम'कडे गेले की गोंधळ निम्म्याने कमी होतो. अर्थात भीतीही थोडी कमी होते. मी स्वतः हा व्यवहार करणार नाही, पण धुक्यात चालणे ज्यांना सहन होत नाही त्यांनी निदान पहिले तीन भाग बघावेत. दहा ते तेरा मात्र 'फँटम' संपल्यावर बघा; तेव्हा ते उत्तरासारखे येतात आणि दुप्पट परिणाम करतात.

कुणी काय निवडावे

नोकरी-संसारात असाल, रात्री एक भाग बघून झोपायचे असेल, घरातल्या कुणाला सोबत बसवायचे असेल, तर 'पॅरानोइया एजंट'. कोन यांचे चित्रपट पाहिलेले आणि आवडलेले असतील, तरीही तीच. त्यांची पडद्यावरची भाषा तुम्हाला आधीच येते. बारावी-कॉलेजच्या वयात असाल, शाळा सुटल्याची हुरहुर अजून ताजी असेल, किंवा जुन्या फोटोंच्या अल्बममधून बाहेर पडता येत नसेल, तर 'फँटम' तुमच्यासाठी आहे. ज्यांनी भयपट भरपूर पाहिले आणि आता दचकणे उरलेच नाही, त्यांनीही थेट 'फँटम' घ्यावी, काहीही वाचू नये, कुणालाही विचारू नये.

दोन्ही मालिका लहान मुलांच्या नाहीत, ॲनिमे म्हणजे कार्टून असे समजून घरातल्या दहा-बारा वर्षांच्या मुलांसमोर लावू नयेत. 'पॅरानोइया एजंट'मध्ये वेश्याव्यवसाय आहे, बापाने मुलीच्या खोलीत लपवलेला कॅमेरा आहे, आणि आठवा भाग एकत्र आत्महत्या करायला निघालेल्या तिघांचा आहे. त्या तिघांतली एक लहान मुलगी आहे. भाग अतिशय उत्तम आणि शेवटी मायाळू आहे, पण जे स्वतः तशा विचारांतून नुकतेच बाहेर येत आहेत त्यांनी तो एकट्याने बघू नये. वगळला तरी पुढची गोष्ट समजायला फारशी अडचण येत नाही. 'फँटम'मध्ये खून, अमली गोळ्या आणि किडे खाण्याची दृश्ये आहेत, मुलांना इजा होते, आणि उदासी पहिल्या मिनिटापासून अकराव्या भागापर्यंत सलग आहे. मन आधीच खचलेले असेल तर ती पुढे ढकला. 'पॅरानोइया एजंट'चा अकरावा भाग आधी बघितलेला असू द्या.